हीटेड जॅकेटचा कंट्रोलर पुन्हा पुन्हा दगा देतो तेव्हा

हीटेड जॅकेट म्हणजे दुचाकीच्या बॅटरीवर तापणारे जॅकेट आणि कंट्रोलर म्हणजे त्याची ऊब कमी-जास्त करणारी, बटण असलेली डबी. त्याची तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. गाडी सुरू केल्यावर जॅकेट व्यवस्थित तापते, अर्धा-पाऊण तास छान जातो, मग ऊब कमी-जास्त होऊ लागते आणि शेवटी कंट्रोलरवरचा दिवा लुकलुकत असूनही अंगाला काहीच जाणवत नाही. रस्त्याकडेला थांबून प्लग काढून पुन्हा बसवला की सगळे पूर्ववत होते आणि थोडे अंतर गेल्यावर पुन्हा तेच सुरू होते. बहुतेक जण कंट्रोलरलाच दोषी धरून नवा मागवतात. तो काही दिवस नीट चालतो आणि पुढच्या थंडीत त्याचीही तीच गत होते. युरोप-अमेरिकेत हिवाळाभर दुचाकी चालवणारे मराठी लोक असोत किंवा लडाख-स्पितीची तयारी करणारे पुण्या-मुंबईचे रायडर, दोघांचेही प्रश्न इथेच येऊन अडकतात. माझे मत स्पष्ट आहे: बिघाड असा येत-जात असेल तर कंट्रोलर हा शेवटचा संशयित समजावा. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे जोड तपासल्याशिवाय त्याच्यावर पैसे खर्च करू नयेत.

थंडीत हा प्रश्न नुसत्या गैरसोयीचा राहत नाही. हवेचे तापमान ५ अंश असेल आणि गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने चालली असेल, तर कॅनडा आणि अमेरिकेतील हवामान खाती वापरतात त्या सूत्रानुसार उघड्या त्वचेला ते उणे ३ अंशांसारखे जाणवते. बोटे बधिर झाली की ब्रेक आणि क्लचचा अंदाज चुकू लागतो. म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी, घरीच, शांतपणे एक तास देऊन ही तपासणी करून ठेवावी.

कंट्रोलर नेमके काय करतो

बहुसंख्य कंट्रोलरमध्ये तापमान मोजणारा सेन्सर नसतो. जॅकेट किती तापले आहे याचा त्याला पत्ताच नसतो. तो फक्त वीज ठराविक काळ चालू आणि ठराविक काळ बंद ठेवतो. बटण मधोमध ठेवले तर साधारण निम्मा वेळ पूर्ण व्होल्टेज जाते आणि निम्मा वेळ काहीच जात नाही. ही उघडझाप बऱ्याच कंट्रोलरमध्ये डोळ्यांना दिसेल इतकी सावकाश असते आणि वरचा दिवा त्याच तालावर लुकलुकतो. त्यामुळे कंट्रोलर चालू असताना गाडीचा व्होल्टमीटर किंवा हेडलाइट त्याच लयीत किंचित हलताना दिसला तर तो बिघाड मानू नये. तसेच, वेग वाढला किंवा घाटात गारठा वाढला की बटण आपणच वाढवावे लागते. ऊब आपोआप सांभाळली जाईल अशी अपेक्षा ठेवून केलेल्या तक्रारीही पुष्कळ असतात.

दिवा लुकलुकतो याचा अर्थ कंट्रोलरच्या आतला टायमर जिवंत आहे, एवढाच घ्यावा. जॅकेटमध्ये प्रवाह जात आहे की नाही हे तो दिवा बऱ्याच बनावटींमध्ये सांगू शकत नाही. जॅकेट पूर्ण काढून ठेवले तरी दिवा आपला लुकलुकतच राहतो.

बटणाच्या खुणेप्रमाणे उघडझाप होते का हे पाहण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. दिव्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा, तो एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहावा आणि एका फेरीत दिवा किती फ्रेम पेटलेला व किती फ्रेम विझलेला आहे ते मोजावे. ३६ पैकी १८ फ्रेम पेटलेला असेल तर निम्मी वीज जात आहे. बटण हळूहळू फिरवताना हे प्रमाण सलग वाढायला हवे. मध्येच उडी मारत असेल, किंवा एका जागी बोटाने हलके दाबले की बदलत असेल, तर बटणाखालचा पोटेन्शिओमीटर (बटण फिरवल्यावर रोध बदलणारा भाग) झिजला आहे किंवा त्यात पाणी गेले आहे. हा दोष मात्र खरोखर कंट्रोलरचा.

आकडे आधी हातात घ्यावेत

१२ व्होल्टवर चालणारे पूर्ण बाह्यांचे जॅकेट साधारण ७५ ते १०० वॅट घेते, हातमोज्यांची जोडी २० ते २७ वॅट, पँट त्याहून थोडी अधिक. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आहेत असे धरले, तर ९० वॅटचे जॅकेट सुमारे ६.५ अँपिअर ओढते आणि त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) सुमारे २.१ ओहम भरतो. सगळे रहस्य या दोन-सव्वादोन ओहममध्ये आहे. जिथे मूळ रोधच इतका कमी आहे, तिथे वाटेत कुठेतरी ०.२ ओहमचा किरकोळ वाटणारा लूज काँटॅक्ट आला तरी एकूण रोध २.३ होतो, प्रवाह ६ अँपिअरवर येतो आणि जॅकेटला ९० ऐवजी ७५ वॅटच मिळतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या एका सैल जोडात ७ वॅट उष्णता तयार होते. करंगळीच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या प्लगमध्ये ७ वॅट म्हणजे तो मऊ पडायला पुरेसे आहेत.

पहिला अर्धा तास सगळे ठीक का चालते याचे उत्तर इथे मिळते. जोड तापतो, आतली स्प्रिंगची पट्टी ताण गमावते, पकड ढिली होते, रोध वाढतो आणि त्यामुळे जोड आणखी तापतो. आपण थांबून प्लग काढतो तेव्हा तो थंड होतो. पुन्हा घालताना घासला जाऊन पृष्ठभाग थोडा साफ होतो. म्हणून दुरुस्त झाल्यासारखे वाटते. दर खेपेला मात्र पट्टी आधीपेक्षा थोडी अधिक निकामी झालेली असते. नवा कंट्रोलर आणला की त्याच्यासोबत नवे प्लग येतात, त्यामुळे आजार काही दिवस दबतो. बॅटरीकडून येणारा जुना जॅक (प्लग ज्यात बसतो तो भाग) तोच राहिलेला असतो आणि तो नव्या प्लगलाही भाजून काढतो.

पहिली चाचणी: कंट्रोलर वगळून

गाडी चालू करावी, इंजिन आयडलच्या बरेच वर ठेवावे आणि कंट्रोलर मधून काढून जॅकेटचा प्लग थेट बॅटरीच्या वायरला जोडावा. जॅकेट पातळ बनियनवर न घालता टेबलावर पसरून ठेवावे, कारण आता ते पूर्ण ताकदीने तापणार आहे. पंधरा-वीस मिनिटे वाट पाहावी आणि या वेळात वायर हलवत राहावे: बॅटरीजवळ, सीटखालून बाहेर येते तिथे, प्लगच्या मानेशी. ऊब एकसारखी राहिली तर बॅटरीकडची बाजू आणि जॅकेट दोन्ही बरे आहेत आणि मग कंट्रोलरकडे संशयाने पाहायला हरकत नाही. ऊब गेली-आली, तर कंट्रोलर निर्दोष सुटला. त्याच्याशिवायच बिघाड पुन्हा दिसला आहे.

ही चाचणी करताना दर पाच मिनिटांनी एकेक जोड बोटांच्या चिमटीत धरून पाहावा. चांगला जोड कोमटसुद्धा होत नाही. हात मागे घ्यावा लागला तर दोष सापडला. थर्मामीटर, कॅमेरा यांची गरज पडत नाही. पाच जोडांपैकी एकच तापलेला असतो आणि तो हाताला लगेच कळतो.

जॅकेटचा नेहमीचा प्लग गोल, मध्ये भोक असलेला असतो. बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर आणि आतला २.५ मिलिमीटर. आपल्याकडे इथे हमखास घोटाळा होतो. सीसीटीव्हीच्या अॅडॉप्टरला लागणारा जॅक दिसायला अगदी तसाच असतो, पण त्याची आतली पिन २.१ मिलिमीटरची असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत नुसता 'डीसी जॅक' मागितला तर बहुधा हाच हातात पडतो. २.५ चा प्लग २.१ च्या पिनेवर सहज बसतो, घट्ट बसल्यासारखा वाटतो, आणि खड्ड्यागणिक काँटॅक्ट सोडतो. दुकानातच जॅकेटचा मूळ प्लग नेऊन लावून पाहावा आणि बसवल्यावर बाजूने हलवून पाहावे. पिनेवर तो डुगडुगत असेल तर घेऊ नये. शिवाय असे बरेच जॅक ५ अँपिअरपर्यंतच्या प्रवाहासाठी बनवलेले असतात. एका जॅकमधून जॅकेट, हातमोजे आणि पँट मिळून ११-१२ अँपिअर नेणाऱ्याने तो वितळला म्हणून आश्चर्य करू नये. अशा वेळी बॅटरीपासून दोन स्वतंत्र वायर काढणे हाच टिकाऊ उपाय आहे.

वायरीच्या जाडीबद्दलही दोन शब्द. दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची वायर जाऊन-येऊन तीन मीटर धरली तर तिचा रोध ०.०३५ ओहमच्या आसपास येतो आणि साडेसहा अँपिअरला पाव व्होल्टहून कमी पडतो; ते चालण्यासारखे आहे. अर्ध्या स्क्वेअरच्या वायरीत हेच ०.१ ओहम होते. गाडीच्या दुकानात हॉर्न-इंडिकेटरसाठी मिळणारी बारीक वायर इथे वापरू नये. थिंबल (वायरीच्या टोकावर बसवायची धातूची टोपी) नुसती पक्कडीने चेपू नये, क्रिंपिंगच्या हत्याराने दाबावी. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा आणि तो वायरीच्या मानाने निवडायचा असतो: एका जॅकेटला १० अँपिअरचा लाल, सोबत हातमोजे आणि पँट असतील आणि वायर तेवढी जाड असेल तर १५ चा निळा. फ्यूज उडत नाही, पण फ्यूजहोल्डरचे प्लॅस्टिक तपकिरी झाले आहे, हे दृश्यही लूज काँटॅक्टचेच आहे.

मीटर लावताना

मल्टीमीटर हातात असूनही चुकीचे निष्कर्ष निघतात याची कारणे दोन-तीनच आहेत. एक म्हणजे उघडझाप चालू असताना व्होल्टेज मोजणे. आकडा नाचत राहतो आणि त्याचा काहीच अर्थ लागत नाही. बटण पूर्ण वाढवावे, दिवा स्थिर झाला की मगच मोजावे. दुसरे, जॅकेटचा रोध मोजताना मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध विसरणे. स्वस्त मीटरमध्ये दोन्ही टोके एकमेकांना टेकवली तरी ०.३ ते ०.५ ओहम दिसतात, २.१ ओहमच्या जॅकेटमध्ये हा फरक मोठा आहे. आधी टोके जोडून आकडा लिहून ठेवावा आणि नंतर वजा करावा. तिसरे, प्रवाह मोजण्यासाठी १० अँपिअरचे भोक वापरणे. नेहमीच्या पिवळ्या मीटरवर त्या भोकाशेजारी बारीक अक्षरांत लिहिलेले असते की आत फ्यूज नाही आणि मापन दहा सेकंदांपेक्षा अधिक करू नये. ते गांभीर्याने घ्यावे. वायरमनकडचा साधा क्लँप मीटरही इथे उपयोगाचा नाही, कारण तो बहुधा केवळ एसी प्रवाह मोजतो.

खरे उत्तर व्होल्टेज ड्रॉपच्या मापनातून मिळते. जॅकेट जोडलेले आणि पूर्ण चालू असताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरे जॅकेटकडच्या शेवटच्या जोडाच्या धन बाजूला लावावे. मीटर डीसी व्होल्टवर. हा आकडा म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्टेज. मग दुसरे टोक एकेक जोड मागे आणत जावे. ज्या जोडापाशी आकडा एकदम घसरतो, तो जोड गुन्हेगार. ऋण बाजूलाही हेच करावे. लोक ती बाजू विसरतात आणि गंज नेमका तिथेच असतो. दोन्ही बाजू मिळून अर्धा व्होल्ट गेला तर मी सोडून देतो, एक व्होल्टच्या वर गेला तर जोड बदलतो. हे लोड नसताना मोजणे व्यर्थ आहे: प्रवाहच नसेल तर सडलेला जोडही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. 'मेकॅनिकने मीटर लावून पाहिला, सप्लाय बरोबर आहे' या वाक्यामागे पुष्कळदा हेच असते.

बटण शून्यावर, तरी जॅकेट पेटलेले

उलट तक्रार अधिक धोक्याची. कंट्रोलर बंद केला तरी जॅकेट पूर्ण तापत राहते. याची तीन कारणे असू शकतात आणि त्यांतील दोन कंट्रोलर न बदलता बरी होतात.

धन-ऋण उलटे जोडले जाणे हे पहिले. जॅकेट म्हणजे नुसता रोध. त्याला धन-ऋणाचे सोयरसुतक नाही. कंट्रोलरमधील मॉसफेटला (वीज उघड-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) मात्र आहे. उलटा पुरवठा मिळाला की मॉसफेटच्या आत मुळातच असलेल्या डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) प्रवाह सतत वाहू लागतो: जॅकेट पूर्ण गरम, बटण निरुपयोगी आणि दिवा विझलेला. जॅकेट गरम पण दिवा बंद, ही जोडगोळी दिसली की नव्वद टक्के निदान तिथेच झाले असे समजावे. त्या डायोडवर ०.७ व्होल्ट पडतात आणि साडेसहा अँपिअरला तिथे साडेचार वॅट उष्णता साचते, म्हणून कंट्रोलरची डबी हाताला चटका देते. असे फार वेळ चालले तर मॉसफेट खरोखर जळतो. तपासणी सोपी आहे. गोल प्लगमध्ये मधली पिन धन हवी. चपट्या दोन पिनांच्या जोडात, बॅटरीकडच्या तुकड्यावर रबराने झाकलेले टोक धन आणि उघडी पिन ऋण असते. सोलर पॅनलसाठी विकल्या जाणाऱ्या तशाच दिसणाऱ्या वायरी काही वेळा उलट्या असतात, त्यामुळे रंगावर न जाता मीटरने खात्री करावी.

दुसरे कारण बॉडी अर्थचे, म्हणजे गाडीचा धातूचा सांगाडा (चेसिस) बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असण्याचे. कित्येक कंट्रोलर ऋण बाजू उघड-बंद करतात. धन थेट पुढे जाते. असा कंट्रोलर गाडीवर कायमचा बसवून त्याचा बाहेर जाणारा धातूचा जॅक पत्र्याच्या पॅनलमध्ये घट्ट केला, तर जॅकेटचे ऋण टोक चेसिसला टेकते आणि कंट्रोलरला वळसा घालून सरळ बॅटरीला मिळते. इथे दिवा व्यवस्थित लुकलुकत असतो, फक्त त्याचा जॅकेटशी संबंध उरलेला नसतो. जॅक प्लॅस्टिकच्या पट्टीवर बसवला किंवा मध्ये नायलॉनचे वॉशर घातले की काम होते.

या दोन्ही शक्यता बाद झाल्या तर मॉसफेट शॉर्ट झाला आहे. कंट्रोलर पूर्ण सुटा करून मीटर डायोडच्या खुणेवर ठेवावा आणि आत येणारे ऋण व बाहेर जाणारे ऋण यांच्यामध्ये दोन्ही दिशांनी तपासावे. धन बाजू तोडणारा कंट्रोलर असेल तर दोन्ही धन टोकांमध्ये. निरोगी असेल तर एका दिशेला साधारण ०.४ ते ०.६ आणि दुसरीकडे काहीच नाही. दोन्ही दिशांना शून्याजवळ आले तर कंट्रोलर गेला. अशा कंट्रोलरसोबत 'घाट उतरेपर्यंत चालवून घेऊ' असे करू नये. ४४ अंशांसारखे सौम्य वाटणारे तापमानही तासन्‌तास एकाच जागी टिकले तर त्वचा भाजते, आणि गारठलेल्या किंवा मधुमेहाने संवेदना कमी झालेल्या बोटांना ते वेळेवर कळत नाही. जॅकेटखाली पातळ पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालावा असे सांगतात ते याचसाठी.

दोन बटणांच्या कंट्रोलरमध्ये याचाच एक भाऊबंद आढळतो: जॅकेटचे बटण वाढवले की हातमोजेही तापतात, किंवा हातमोजे बंदच होत नाहीत. ऋण बाजू तोडणाऱ्या बनावटीत दोन्ही शाखांचे धन एकत्र चालते, पण ऋण वेगळेच राहायला हवे. कोणीतरी सोयीसाठी मध्ये वाय-केबल (एका वायरीच्या दोन शाखा करणारी) घातली असेल आणि त्यात दोन्ही ऋण एकत्र आले असतील, तर दोन्ही शाखा एकमेकींत मिसळतात. वाय-केबल काढून पाहणे ही दोन मिनिटांची चाचणी आहे.

गाडीच वीज पुरवू शकत नसेल तर

बीएमडब्ल्यू आर १२५० जीएससारख्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारे यंत्र) ५१० वॅटचा आहे. तिच्यावर जॅकेट-हातमोजे-पँट सगळे चालून वर शिल्लक उरते. अशा गाड्यांत वेगळीच अडचण येते. फॅक्टरीने दिलेल्या सॉकेटवर इलेक्ट्रॉनिक मर्यादा असते आणि तिच्यापेक्षा अधिक प्रवाह ओढला की सॉकेट स्वतःहून बंद होते, फ्यूज न उडता. गाडी बंद करून चालू केली की परत येते. हे दृश्य कंट्रोलरच्या बिघाडासारखेच दिसते. बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज लावून वायर आणली की प्रश्न संपतो.

लहान गाड्यांचा हिशेब निराळा. समजा अल्टरनेटर २२० वॅटचा आहे आणि हेडलाइट, पेट्रोलचा पंप, इग्निशन, मागचा दिवा मिळून १२० वॅट जातात. उरले १०० वॅट, तेही इंजिन चांगले फिरत असताना. ९० चे जॅकेट आणि २५ चे हातमोजे लावले की उरलेली वीज बॅटरीतून जाऊ लागते. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू असतो, त्यामुळे तो बंद करून वीज वाचवण्याची सोयही नाही. त्याआधीच्या काही गाड्यांत हेडलाइट बॅटरीऐवजी मॅग्नेटोच्या (इंजिनवरच्या वीजजनित्राच्या) एसीवर चालत असे. त्या वायरीवरून कंट्रोलरला पुरवठा घेऊ नये, तो बॅटरीवरूनच घ्यावा.

लडाखमधील खारदुंग ला खिंडीच्या (५,३५९ मीटर) वाटेवर सैन्याचा ताफा जाईपर्यंत इंजिन चालू ठेवून उभे राहणे, हा या हिशेबाचा सर्वांत वाईट क्षण. आयडलवर अल्टरनेटर फार थोडे देतो, जॅकेट मात्र पूर्ण ओढत असते. व्होल्टेज उतरते, काही कंट्रोलर कमी व्होल्टेजवर स्वतःला बंद करून घेतात, आणि गाडीवाला म्हणतो की उंचीमुळे कंट्रोलर बंद पडला. उंचीचा इथे काही संबंध नाही. हँडलवर एक छोटा व्होल्टमीटर लावावा. सगळे चालू असताना रस्त्यावर १३.५ च्या वर राहायला हवे, १२.८ च्या खाली टिकून राहिले तर बॅटरी रिकामी होत आहे असे समजून जॅकेट कमी करावे आणि हातमोजे चालू ठेवावेत. थांबलेले असताना दोन्ही बंद.

जॅकेट आणि हातमोजे

जॅकेटमध्ये पाठ, छाती, बाह्या, कॉलर असे भाग बहुधा समांतर जोडलेले असतात. एक भाग तुटला तर बाकीचे चालू राहतात आणि एकूण रोध वाढतो, मूळ २.१ च्या जागी ३ ओहम दिसले तर एखादा भाग गेला. रोध २.१ पेक्षा बराच कमी आला तर आत शॉर्ट आहे आणि कंट्रोलरचे संरक्षण काम करून पुरवठा तोडत आहे; त्याला दोष देणे अन्यायाचे. वायर बहुधा वाकण्याच्या जागी तुटते: मनगटापाशी हातमोज्याचा प्लग बाहेर येतो तिथे, आणि कमरेशी मुख्य वायर बाहेर येते तिथे. मीटर लावून ठेवून ती जागा हळूहळू वाकवत न्यावी. आकडा उडाला की बोट तिथेच ठेवावे. काही जॅकेटांत तापणारी वायर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तंतूंची असते. तिला नेहमीचे सोल्डर धरत नाही, क्रिंपच करावे लागते. कार्बन फायबर असेल तर घरी हात न लावणे उत्तम.

जॅकेट ढगळ असेल तर वरील सर्व चाचण्या पार करूनही थंडी वाजेल. तापणारा थर अंगाला बेताने चिकटून हवा. एक माप लहान घेतल्याने कंट्रोलरचा 'बिघाड' दूर झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

भारतात ऑनलाइन सहज मिळणारे हातमोजे बहुधा ७.४ व्होल्टच्या स्वतःच्या लिथियम बॅटरीवर चालतात. ते १२ व्होल्टच्या कंट्रोलरवर लावू नयेत, बटण कितीही कमी ठेवले तरी. १३.८ व्होल्टला त्यांत साडेतीन पट वीज जाते आणि कंट्रोलर ती नुसती तुकड्यातुकड्यांनी देतो. प्रत्येक तुकडा पूर्ण व्होल्टेजचाच असतो. या बॅटऱ्या शून्याच्या खाली चार्ज करू नयेत. लेहच्या हॉटेलात रात्री बॅटरी गाडीच्या बॅगेत न ठेवता खोलीत, उबेत आणून मगच चार्जिंगला लावावी.

बिनतारी रिमोट असलेल्या कंट्रोलरची तक्रार अशी की घरात चालतो, रस्त्यावर चालत नाही. रिमोटमधला नाण्यासारखा सेल गारठ्यात प्रवाह देईनासा होतो. रिमोट हँडलवरून काढून खिशात धरावा आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाहावे. चालला तर सेल बदलावा. गाडीची बॅटरी सोडवून पुन्हा जोडल्यावर काही रिमोट पुन्हा जुळवावे लागतात, हेही लक्षात असू द्यावे.

कंट्रोलरच दोषी ठरला तर

शेवटची खात्री बल्बने करावी. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसह घेऊन कंट्रोलरच्या बाहेर जाणाऱ्या जोडाला लावावा. बटण फिरवताना बल्ब दिव्याच्या तालावर पेटला-विझला पाहिजे. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावण्याचा मोह होतो, पण थंड फिलामेंट पहिल्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि चांगल्या कंट्रोलरचेही संरक्षण त्यामुळे तोडते. मग निरोगी वस्तू बिघडलेली ठरते. २१ वॅटवर ताल बरोबर असेल तर जॅकेट लावून अर्धा तास चालवावे आणि डबी हाताने पाहावी. मॉसफेटमध्ये साडेसहा अँपिअरला जेमतेम अर्धा वॅट खर्च होतो, म्हणून डबी कोमट राहते. ती तापत असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचे प्लग आधी पाहावेत, उष्णता बहुधा तिकडून आलेली असते.

आतील सर्किट बऱ्याचदा इपॉक्सीत बुडवलेले असते, त्यामुळे उघडून दुरुस्त करण्यात अर्थ नसतो. निर्मात्याकडे वॉरंटीत पाठवताना नुसते 'चालत नाही' असे लिहू नये. जॅकेटचा रोध, चालू गाडीवरचे व्होल्टेज, पूर्ण भारावर दोन्ही बाजूंचा व्होल्टेज ड्रॉप आणि २१ वॅटच्या बल्बवर काय दिसले, ही चार निरीक्षणे लिहून द्यावीत. जुन्या कंट्रोलरचा प्लग काळवंडलेला असेल तर बॅटरीकडचा त्याचा जोडीदार जॅक नवा कंट्रोलर येण्याच्या आधीच कापून टाकावा आणि २.५ मिलिमीटरचा, पुरेशा अँपिअरचा नवा बसवावा. काँटॅक्ट क्लीनर मारून सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी आणि जिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या रायडरनी हे दर हिवाळ्याच्या सुरुवातीला करावे. प्लग वापरात नसताना त्यावर रबरी टोपी असावी आणि वायरीचे टोक खाली तोंड करून लोंबते राहील असे बांधावे, म्हणजे आत पाणी साचत नाही.